गोळ्या फेकून दे, सुरभी

कळंब, ४ सप्टेंबर २०००

सुरभी,

पत्र भेटलं. तीन पानं लिहिली अन् त्यात अडीच पानं रडणं. तुह्या बापाले मी अर्धंच वाचून दाखवलं. तो दिवसभर कपाशीवर फवारा मारून येते अन् तुहा हवाई दलाच्या टोपीतला फोटो समोर ठेवून जेवते. त्याले कायले सांगू, का विमानात बसली की पोरगी ओकते म्हणून?

सात वेळा वर गेली अन् साती वेळा उलटी. बरं. आणखी चार उड्डाणं देतो, त्यात सुधारली नाही तर मोठ्या साहेबापुढं उभी करतो, असं तुहे सर म्हणाले. तुह्यासंगची दोन पोरं अशीच घरी गेली म्हणते. गेली ते गेली. तू त्यांच्या नावानं काहून रडते?

वणीच्या यष्टीत तू लहानपणी दर वेळेस माह्या पदरात ओकायची. ड्रायव्हर कधी ओकलेला पाह्यला काय? नाही ना? काहून का त्याले वळण आधीच माहीत असते. तू सरच्या बाजूले बसून, आता हा कुठं वळवते, आता कुठं वळवते, असं करत बसते अन् पोटात ढवळते. म्हणून वळण आधी पाठ कर. मी दवाखान्यात आया लागली तवा पहिल्याच दिवशी घाण पाहून चक्कर येऊन पडलती. सिस्टर म्हणे, विमल, रिकाम्या खाटेवर वीस वेळा चादर बदल, डोळे मिटून. मंग खाटेवर माणूस असला तरी हात चुकत नाही. तसं कर. खोलीत खुर्चीवर बस, डोळे मीट, कोणता दांडा कवा ओढाचा ते हातानं कर. पोरी हासल्या तर हासू दे. वर गेल्यावर खाली पाहू नको, दूर जिथं जमीन अन् आभाळ भेटते तिथं पाह्य. अन् समजलं नसलं तर 'यस सर' म्हणू नको. समजलं नाही म्हण. शिव्या खाय, पण विचार.

चौकातल्या गॅरेजवाल्या युनूसभाऊचा पुतण्या आसिम ट्रक घेऊन हैदराबादले चालला. त्याच्या हातानं डबी पाठवली. चाळीस गोळ्या आहेत. सुंठीच्या, यवतमाळच्या दुकानातून आणल्या. उडायच्या आधी एक घेजो. तिथल्या डॉक्टरले दाखवल्याशिवाय काही खाता येत नाही, असं तू लिहिलं. सुंठ काय दाखवतं त्याले? कोणाले सांगू नको. खाय अन् चूप राह्य.

आई

कळंब, २३ सप्टेंबर २०००

सुरभी,

पाह्यलं? उलटी बंद झाली ना? मी सांगतलंच होतं. सर 'गुड' म्हणाले असं लिहिलं ते तुह्या बापाले दोनदा वाचून दाखवलं. मंग तो उठून बाहेर गेला, डोळे पुसाले. मले म्हणे डोळ्यात फवारा गेला.

आता एकटीनं उडायचं आहे म्हणते, बाजूले सर नाही. तुम्ही त्याले सोलो म्हणता. त्याच्या आधी मोठे साहेब बाजूले बसून परीक्षा घेतीन. भेव लागते म्हणून लिहिलं. लागू दे. भेव काय मलेही लागते, मी कोणाले सांगत फिरते काय? परीक्षेच्या दिवशी एका गोळीवर राहू नको, दोन घे. उगाच त्या दिवशी पोट बिघडलं तर एवढी मेहनत पाण्यात.

तोंड कोरडं पडते तर पाणी पी. तेही मी सांगू काय?

इथं दवाखान्यात जागा नाही. यंदा अळी लय, लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारा मारून राह्यले. तोंडाले फडकं बांधत नाही, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालते, मंग लाळ गळत येतेत. डॉक्टर इंजेक्शनावर इंजेक्शन देते. कालचा एक पेशंट चादरीवरून बोंडं वेचत होता. चादरीवर बोंडं कुठली? पण दोन्ही हातानं वेचत होता, अन् वेचून पोटाशी खोचत होता. त्याची बायको हासावं का रडावं, अशी पाहत होती. इंजेक्शनानं तसं होते म्हणे, विष उतराले तेवढं द्याच लागते. सकाळी बरा झाला, चहा मागतला.

तुह्या बापाले मी रोज म्हणते फडकं बांध. बांधत नाही. तूही त्याच्यावरच गेली.

दोन घेजो. विसरू नको.

आई

कळंब, ९ ऑक्टोबर २०००

सुरभी,

ती डबी आधी संडासात रिकामी कर. मंग पुढचं वाच.

केली? नसन केली तर उठ अन् कर.

तुहं पत्र आज सकाळी भेटलं, ड्यूटीवर. घड्याळांचे आकडे पुसल्यासारखे दिसतेत म्हणते. ऊन डोळ्यात सुयांसारखं घुसते. तोंडात कापूस कोंबल्यावानी वाटते, छाती धडधडते. अन् उतरताना जमीन जवळ आली असं वाटलं म्हणून तू विमानाचं नाक आधीच वर उचललं, तं जमीन अजून दूर होती, सरनं हिसका मारून दांडा हातातून घेतला. तू लिहिते, 'आई, परीक्षेच्या भेवानं होत असन.'

मी ते पत्र हातात घेऊन उभी अन् समोर खाटेवर काल आलेला फवाऱ्याचा पेशंट. डॉक्टरनं त्याच्या डोळ्यात बॅटरी मारली अन् नव्या सिस्टरले म्हणे, "हे पाहा, बाहुली केवढी मोठी झाली. तोंड कोरडं, नाडी पळते, जवळचं दिसत नाही. इंजेक्शन लागू पडलं. धोतरा खाल्ल्यावर अस्संच होते, एकाच जातीचं औषध आहे." सिस्टरनं वहीत लिहून घेतलं. सुरभी, तो डॉक्टर तुहं पत्र वाचून राह्यला असं वाटलं मले. माह्या हातातलं भांडं पडलं. डॉक्टर म्हणे, "विमलबाई, झोप झाली नाही काय?"

आता खरं ऐक. गोळ्या दुकानातल्या नव्हत्या. तांड्यावरच्या धनीबाईच्या होत्या, झाडपाल्यावाल्या. तू तिच्या औषधाले नाक मुरडते म्हणून मी दुकान सांगतलं. ऑगस्टमधी मी तिच्याकडं गेलती तवा ती म्हणे, तुह्या बांधावर काटेरी बोंडं लागली आहेत, पिशवीभर आणून दे. मी आणून देल्ली. कशाले पाह्यजे ते विचारलं नाही. तिच्या नवऱ्याले दमा आहे, त्याच्यासाठी पाला-बी जाळत असन, असं धरून चालली. मले विचारायची सवय नाही, तुले तं माहीतच आहे. काम सांगतलं, केलं, निघाली.

ड्यूटी टाकून पळतच तिच्याकडं गेली. ती भाकरी थापत होती.

"धनीबाई, त्या गोळीत काय टाकते वं तू?"

"सुंठ, वेलची, गूळ."

"आणखी?"

"अन् धोतऱ्याचं बी. थोडंसं. तूच तं आणून देल्लं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू विचारलं काय?" तव्यावरची भाकरी पलटली तिनं. "यष्टीत लागते म्हणालती तू. एका प्रवासाले एक, तेवढ्यानं काही होत नाही. काहून, रोज खाल्ली काय कोणी?"

मी बोटावर दिवस मोजाले लागली.

"विमलबाई, कोण खाऊन राह्यलं?"

"सुरभी. विमानात."

तिनं हात परातीतच ठेवले. म्हणे, "किती?"

मी सांगतलं, मी दोन लिहून पाठवल्या. धनीबाई कधी कोणावर आवाज चढवत नाही. माह्यावर चढवला. "तू आई आहे का कसाई? मले विचारून तरी लिहायचं होतं, अक्कल गहाण ठेवली होती काय?"

तुही परीक्षा अन् सोलो सोमवारी, सोळा तारखेले. हे पत्र पोचाले कधी पाच दिवस लागते, कधी आठ. आसिम वणीले कोळशाच्या फेऱ्यात अडकला. म्हणून पत्राच्या भरवशावर राहत नाही, युनूसभाऊच्या दुकानातल्या एसटीडीवरून फोन लावून पाहते.

सुरभी, दोन खाऊ नको. एकही खाऊ नको.

आई

कळंब, १० ऑक्टोबर २०००

सुरभी,

मी काय केलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माह्याकडून ऐक. हे पत्र भेटंपर्यंत तुले समजलंच असन. तरी लिहिते.

काल फोन लावला. तुह्या मेसमधी कोणतरी माणूस, हिंदीतून बोलला. मी म्हणलं, सुरभीले द्या. म्हणे, कॅडेट फ्लाइंग पे है, संडे को करो. रविवार म्हणजे पंधरा तारीख, सोलोच्या आदल्या दिवशी. अन् रविवारी तुमच्या फोनपुढं केवढी लाईन लागते ते तूच लिहिलतं. तवरोक रोज एक गोळी खाशीन. मी म्हणलं, उसको बोलो माँ ने बोला गोली मत खाना. तो म्हणे, "कौन-सी गोली, माताजी?"

मी फोन ठेवून देल्ला.

भेली मी. तू लिहिलं होतं का लपवून औषध खाल्लं तर उलटीपेक्षाही वाईट, सरळ घरचा रस्ता. आठवीपासून तू काय काय केलं ते माह्यापेक्षा कोणाले जास्त माहीत? सायकलीवर यवतमाळले शिकवणीले जायची, वर पाहता पाहता नालीत पडलती. सगळं डोळ्यापुढून गेलं. अन् लगेच तो बोंडं वेचणारा माणूस दिसला. फक्त खाटेवर नाही, विमानात.

युनूसभाऊ स्कूटरचं चाक खोलून बसले होते. मान वर न करता म्हणे, "विमलताई, झाला फोन?"

"नाही झाला."

"मंग लावा ना परत."

"लावला तर पोरगी घरी येते, युनूसभाऊ."

"अन् नाही लावला तर?"

 त्यांनी हात पुसले अन् माह्यापुढं येऊन उभे राह्यले. "माह्याकडं लोक येतेत, ब्रेक लागत नाही म्हणते, पण आज घाई आहे, उद्या पाहू म्हणते. मी चावी देत नाही. गाळ्या देतेत मले, मी घेतो. घेऊन घ्या तुम्हीही गाळ्या." अन् नंबर त्यांनीच फिरवला.

या वेळी मी म्हणलं, तुमच्या डॉक्टरले बोलवा, नाही तर मोठ्या साहेबाले. मेरी बेटी के जान का सवाल है. लय वेळ कोणी आलं नाही. फोनचं पैशाचं मीटर धावत होतं, ते त्यांनी वरून फडकं टाकून झाकलं. मंग एक साहेब आले. मी सगळं सांगतलं. धोतरा त्यांले समजेना, मंग इंजेक्शनाचं नाव सांगतलं, ते मले पाठ आहे. ते समजलं त्यांले. लगेच कोणाकडून कागद मागतला. मंग विचारलं, किती दिवसांपासून? मी सांगतलं. लपवून? मी म्हणलं, मी लपवाले लावलं. नाव विचारलं. मी तुहं नाव सांगतलं, आडनावासकट.

तुह्या वर्दीवरचं नाव मी माह्या तोंडानं देल्लं, सुरभी.

फोन ठेवल्यावर युनूसभाऊच्या घरून कमरुन्निसाभाभी पाणी घेऊन आली. मी घेतलं नाही. घरी आली तं तुहा बाप म्हणे, "काय झालं? पोरगी पडली काय?" मी म्हणलं, नाही. आता पडत नाही.

आई

कळंब, १७ नोव्हेंबर २०००

सुरभी,

तू बापाले पत्र लिहिलं. पाकिटावर त्याचं नाव, आत कुठंच माहं नाव नाही. तो निजल्यावर नाही, त्याच्यासमोर त्याच्या खिशातून काढून वाचलं मी. 

वाचून समजलं, का तीन आठवडे तुले जमिनीवर ठेवलं, डोळे तपासले, सवय व्हाले खुर्चीवर बसवून गरागरा फिरवते, तिथंही ओकते. आधी तू साहेबाले म्हणाली का गोळ्या मी बाजारातून घेतल्या, आईले माहीत नाही. अन् मी तिकडं सगळं सांगून मोकळी. तू मले वाचवाले खोटं बोलली अन् माह्या फोननं ते उघडं पडलं. साहेब म्हणे, गोळीची चूक एक वेळ समजते, खोटं बोललीस ते समजत नाही. मंग तू सगळं लिहून देल्लं. मोठ्या साहेबानं शिक्षा देल्ली, पण घरी पाठवलं नाही. पहिल्यापासून परत, गोळीबिना. ओकली तरी चालन, चूप राहलेलं चालणार नाही, असं म्हणाले. त्या साहेबाले माह्याकडून राम राम सांग. नको, राहू दे. तो मले ओळखते, तेवढं पुरे.

डबी आसिमच्या हातानं वापस आली. चिठ्ठी नाही, काही नाही. बरं. राग आहे तर राहू दे. मी ती रागासाठी उघडली नाही, मोजाले उघडली.

चाळीस पाठवल्या होत्या. बापाच्या पत्रात तू लिहिलं, एकूण बावीस खाल्ल्या. म्हणजे अठरा पाह्यजे. मी गोधडीवर ओतून मोजल्या. चौदा. भेवानं मोजता येत नाही म्हणून तुह्या बापाले मोजाले लावल्या. चौदा. मंग धनीबाईले बोलावलं, तिलेही मोजाले लावल्या, ती म्हणे विमलबाई तू येडी झाली, पण चौदाच.

चार गोळ्या कुठं आहेत, सुरभी?

मी तुले ओळखते. तू माहीच पोरगी आहे. घरात दुखलं-खुपलं तर असावं म्हणून मी हळदीच्या डब्यात क्रोसिन लपवून ठेवते, तशी तू कुठं तरी चार ठेवल्या असशीन. सोलोसाठी. फक्त त्या एका दिवसासाठी, असं मनाले सांगत असशीन. मले ते दिसते. उशीच्या खोळीत, नाही तर मोज्यात. बाजूले सर नसन, दांडा हिसकून घ्याले कोणी नसन, अन् जमीन तुले जिथं नाही तिथं दिसन.

रविवारी, सव्वीस तारखेले, दहा वाजेपासून मी युनूसभाऊच्या दुकानात बसून राहते. फोन कर अन् चार गोळ्या कुठं आहेत ते सांग. मले आई म्हणू नको, चालन. पण सांग. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर सोमवारी सकाळी मी साहेबाले परत फोन लावते. या वेळी गेली तर तू घरी येशीन, ते मले माहीत आहे. जन्मभर तोंड पाहणार नाही माहं. नको पाहू. इथं, घरात जित्ती बसून नको पाहू.

मी लावते, सुरभी. मी एकदा लावला.

आई

कळंब, १ डिसेंबर २०००
युनूसभाऊचं दुकान

सुरभी,

आज तुहा सोलो. सकाळी होणार, झाला की फोन करते म्हणाली. मी सात वाजेपासून फोनच्या बाजूले बसली आहे. हात मोकळे राह्यले तर काहीबाही सुचते, म्हणून कागद मागून घेतला.

रविवारी तू फोनवर ओरडली, "तुहा भरोसा नाही काय माह्यावर? चार गोळ्या डॉक्टरनं तपासाले ठेवल्या, बुढे! बाकी फेकून दे म्हणाले. मी म्हणलं नाही, जिनं पाठवल्या तिलेच फेकू दे." त्यावर मी काहीच बोलली नाही. तुले वाटलं असन मी फुगली. मी फुगली नव्हती.  युनूसभाऊनं खाली टायर सरकवला, त्याच्यावर बसली. मंग तू विचारलं, "आहे का तू लाईनवर?" मी म्हणलं, आहे. अन् मी काय विचारलं तं, उलटी होते काय अजून? तू म्हणाली, होते, कालच दोनदा झाली. सुरभी, कोणाले सांगू मी इथं, का पोरगी दोनदा ओकली हे ऐकून मले बरं वाटलं म्हणून? ओकते म्हणजे गोळी पोटात नाही. कमरुन्निसाभाभीले सांगतलं. ती हासली नाही, माह्या पाठीवरून हात फिरवला.

त्या चौदा मी तुह्या म्हणण्याप्रमाणं स्वतःच टाकल्या. बांधावरची झाडंही उपटली. धनीबाईले सांगून उपटली, न विचारता नाही.

साडेसात झाले. फोन वाजला होता, जिनिंगवाल्याचा, गाडी कवा देता म्हणे. युनूसभाऊनं त्याले लवकर कटवलं.

पावणेआठ. आता वर असशीन. बाजूची सीट रिकामी असन. मले तीच दिसून राह्यली, तू नाही दिसत. दूर पाह्य. जिथं जमीन अन् आभाळ भेटते तिथं. हे पत्र तुह्या हातात येईन तवा तू केव्हाचीच खाली आलेली असशीन, मंग मी हे कोणाले सांगून राह्यली?

आठ वीस. परत वाजला. राँग नंबर. मी त्या माणसाले लय वाईट बोलली. युनूसभाऊ म्हणे, "ताई, त्याची काय चूक?" बाहेर कपाशीच्या गाड्या चालल्या. एक बाई खाली उतरून विचारून राह्यली, विमलबाई, ड्यूटी नाही काय आज?

नऊ वाजले. एवढा वेळ लागत नाही, सुरभी. दहा-बारा मिनिटांचं काम असते, तूच सांगतलतं. युनूसभाऊ म्हणे, धुकं असन, उशिरा सोडलं असन. त्यांनी पान्हा दोनदा पाडला. ते म्हणतेत मले काही भेव नाही.

नऊ पस्तीस.

झाला फोन. तुहा नुसता श्वास येत होता. मी एवढंच म्हणलं, "उतरली?" तू म्हणाली, "उतरली, आई." मंग हासाले लागली. मी म्हणलं, अन् उलटी? तू म्हणाली, "झाली ना! उतरताना, जमीन समोर असताना. दोन्ही हात कामात, पिशवी कोण धरन? सगळी मांडीवर. पण हात सोडला नाही मी. चाक जमिनीले लागल्यावर मंगच खाली पाह्यलं."

मी तुले शाबास म्हणलं नाही, ते राहूनच गेलं. लाईन कटली. परत लावली तं एंगेज.

तो ड्रेस गरम पाण्यात टाकू नको, वास बसून जाते. आधी गार पाण्यात भिजव, मंग साबण. दवाखान्यात आम्ही तसंच करतो.

आई